कुत्र्याचं पिल्लू भाकरीपाशी येऊ देत नाही: गुरगुर थांबवायची कशी, आणि थांबून पुन्हा सुरू झाली तर काय बघायचं

"पिल्लू अडीच महिन्यांचंय. एरवी पायात पायात करतं, लेकरांच्या अंगावर लोळतं. पण भगुनं पुढं ठेवलं की जवळ येऊ देईना. गुरगुरायलंय. काल तर आईच्या हातावर वसकन आलं."

लातूर, परभणी, हिंगोलीकडून येणाऱ्या तक्रारी थोड्याफार फरकानं अशाच असतात. पुढचं वाक्यही बहुधा ठरलेलं: "मधी थांबलं होतं, आता पुन्हा सुरू झालंय."

उत्तर आधीच सांगून टाकतो. पिल्लाच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो: माणूस भांड्याकडं आला की खाणं जातं. तो हिशेब फिरवायचा. माणूस आला की खाणं वाढतं, हे त्याला दिसलं पाहिजे, आणि एकदा दिसून भागत नाही, रोज दिसलं पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते या एकाच कामाचे प्रकार आहेत. गुरगुर थांबून पुन्हा सुरू होते तीही यामुळंच. हिशेब फिरलेला असतो, पण एका माणसापुरता, एका जागेपुरता नाहीतर एका पदार्थापुरता.

चावलं असेल तर हे आधी

घरचंच पिल्लू आहे, दात दुधाचे आहेत, नुसतं खरचटलंय, असं म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटांतच माणसाला वाटतं की झालं. हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल यातलं काहीही जखमेला लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. दंडात, स्नायूत द्यायची असेल तर १४ व्या दिवसाचाही एक डोस असतो. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, हेही टोचावं लागतं. ते छोट्या केंद्रात नसेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. पाठवलं तर जायचंच.

पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर टोचतात. म्हणजे ज्या वयात ही भाकरीवरची गुरगुर सुरू होते, त्या वयात बहुतेक पिल्लं लसीविना असतात. चावलेल्या पिल्लावर १० दिवस नजर ठेवायची हे खरं, पण ते दहा दिवस आपली लस लांबवण्यासाठी नसतात.

गुरगुरण्याच्या आधी काय दिसतं

गुरगुर ऐकू येते म्हणून लोकांना ती सुरुवात वाटते. सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, फक्त ती शांतपणे होते. एक दिवस भांडं ठेवून दहा-बारा पावलं लांब, एका बाजूला बसा आणि घरातल्या कुणाला तरी तिथून जायला सांगा.

निवांत खाणारं पिल्लू मध्येच मान वर करतं, चघळत चघळत तुमच्याकडं बघतं, पाण्याकडं जाऊन येतं. अंग सैल असतं. राखण करणारं पिल्लू पाऊल वाजताच जबडा थांबवतं. तोंड भांड्यातच असतं, पण चावणं बंद. हा थांबा क्षण-दोन क्षणांचाच असतो, म्हणून निसटतो. मग ते एकदम भराभर गिळायला लागतं. पुढचे दोन्ही पाय भांड्याच्या दोन बाजूंना, खांदे भांड्यावर ओणवे, आणि डोकं जागचं न हलवता डोळा तिरका, इतका की कोपऱ्यातला पांढरा भाग दिसतो. शेपूट ताठ होते. कधी कधी ती ताठच्या ताठ हलतेही, आणि माणूस फसतो: "शेपूट तर हलवायलंय की." यानंतर ओठ वर जातो, मग गुरगुर, मग हवेत दात वाजवणं, मग चावा. पिल्लू या पायऱ्या सहसा क्रमानं चढतं. वरच्या पायरीवर ते उडी मारतं ते खालच्या पायऱ्यांवर कुणी लक्ष दिलं नाही म्हणून, किंवा गुरगुरल्यावर मार मिळाला म्हणून.

म्हणूनच गुरगुरण्यावर मारायचं नाही. मारून गुरगुर बंद पडते, भीती मात्र तिथंच राहते. मग न गुरगुरता चावणारं कुत्रं तयार होतं, आणि घरचे सांगतात, "काहीच नव्हतं हो, अचानक चावलं."

हे येतं कुठून

अन्न राखणं ही कुत्र्याची जन्माची खोड आहे आणि ती कुठल्याही जातीत निघते. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. तिकडून पिल्लू आणलं की गुरगुरीचं खापर हमखास रक्तावर फुटतं: "शिकारी रक्त आहे, तापट असणारच." मला ते पटत नाही. गल्लीतल्या पिल्लांतही हेच बघायला मिळतं आणि शहरातल्या मऊ केसाळ लॅब्राडोरमध्येही. रक्ताचा थोडाफार भाग असेल, पण आपल्या हातात काय आहे ते बघावं.

पहिली गोष्ट, परात. सहा-सात पिल्लांना एकाच परातीत दूध-भाकर कालवून ठेवायची पद्धत सगळीकडं आहे. दांडगं पिल्लू परातीत पाय देऊन उभं राहतं, मरतुकडं बाहेर फेकलं जातं. दोघंही एकच धडा शिकतात: जवळ येणाऱ्याला हटवलं तर पोट भरतं. ज्यांच्याकडं कुत्री व्याली आहे त्यांनी पिल्लांच्या संख्येपेक्षा एक जास्त अशी छोटी भांडी लांब लांब ठेवावीत. तव्याएवढी जागा प्रत्येकाला मिळाली तरी निम्मं भांडण मिटतं.

दुसरी गोष्ट, पिल्लू लवकर उचलणं. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते दुडूदुडू चालायला लागतं, आणि लोकांना तेव्हाच ते हवं असतं. आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहिलेलं पिल्लू दात किती दाबायचे हे तिथंच शिकून येतं. भावंडाला जोरात चावलं की खेळ बंद होतो, ही शिकवण आपण घरी देऊ शकत नाही.

तिसरी, भूक. यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडं हे कारण सर्रास असतं आणि सर्रास सुटतं. ज्वारीची भाकर आणि पाणी घातलेलं दूध यावर पिल्लू जगतं, पण त्याचं भागत नाही. वाढत्या पिल्लाच्या आहारात, पाणी वगळून मोजलं तर, साधारण २२.५ टक्के प्रथिनं असावीत असं धरतात. ज्वारीत ती १० टक्क्यांच्या आसपास असतात. त्यात दिवसातून एकदाच, तेही माणसांचं जेवण झाल्यावर उरेल ते. अशा पिल्लानं भांडं राखलं नाही तरच नवल. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढं दोन वेळा खायला द्या. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, नुसतं उकडलेलं चिकन, मऊ शिजवलेली डाळ यातलं काहीतरी असू द्या. कांदा-लसणाचा रस्सा ओतू नका, कांदा आणि लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही नको.

भुकेशी जंतांचा संबंध आहेच. पोट टम्म फुगलेलं, वर बरगड्या दिसतात आणि किती घातलं तरी हावरेपणा जात नाही, असं असेल तर शिकवणीच्या आधी जंताचं औषध. पिल्लांना ते दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांपर्यंत देतात. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच द्या.

आणि चौथी गोष्ट, आपला हात.

चाकूरकडच्याच एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, मला बोलावलं होतं. सुनेनं सांगितलं, "मामांवर गुरगुरतंय, ह्यांच्यावर तर धावूनच येतंय. आत्याबाईंना मात्र काहीच म्हणत नाही." थोडा वेळ नुसतं बसून बघितलं. आबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, रीत अशी की पिल्लू खाताना भांडं ओढून घ्यायचं, थोडा वेळ धरायचं, मग द्यायचं. मालक कोण ते कळायला पाहिजे ना! पोरगा वाईट नव्हता, पण भाकर घातल्यावर दूध आणायचं त्याला आठवायचं, मग अर्ध्यातून भांडं उचलून न्यायचा. म्हातारी मात्र चुलीपासून रांजणाकडं जाता-येता चतकोरातला तुकडा टाकायची. "घे रं बाबा" म्हणायची आणि न थांबता पुढं जायची. तिच्या पायातलं जोडवं वाजलं की पिल्लू तोंड भांड्यातून काढून वर बघायचं, शेपूट सैल हलवायचं. सगळी शिकवणी त्या घरात आयती चालू होती.

आबा म्हणाले, "मग काय आता त्याच्याम्होरं हात जोडू?"

"हात जोडू नका आबा, हातात काहीतरी घेऊन जा."

"मालक कोण ते दाखव" हा सल्ला आपल्याकडं जुना वाटतो, पण त्याला पुस्तकी पाठबळ मिळालं ते लांडग्यांवरून. १९४७ साली प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांमधली वरचढपणाची भांडणं टिपली. पुढं लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी ती कल्पना लोकांपर्यंत नेली. मग रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर, कळप म्हणजे मुळात आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं आणि जुनं म्हणणं सोडून दिलं. सल्ला मात्र अजून फिरतोय.

आजपासून काय बंद

खाताना भांड्यात हात घालून बघणं बंद. "सवय होऊ दे" म्हणून हे केलं जातं आणि नेमकी उलटी सवय होते. जेवताना कुणी सारखं ताट ओढून परत दिलं तर आपणही ताट डाव्या हातानं धरूनच जेवू. अर्ध्यातून भांडं उचलणं बंद, जे घालायचं ते आधीच घाला. खाताना पाठीवरून हात फिरवणं, उचलून घेणं, फोटोसाठी तोंडाजवळ मोबाइल नेणं बंद. चप्पल, काठी, नाकावर टिचकी, मानगूट धरून दाबणं, सगळं बंद.

भांड्याची जागाही बघा. चुलीपासून न्हाणीकडं जायच्या वाटेवर भांडं असेल तर दर मिनिटाला कुणाचा ना कुणाचा पाय तिथून जाणार. तिथून हलवा. पण अगदी कोपऱ्यातही घालू नका. जर्मनचं हलकं भगुनं सरकत सरकत भिंतीला लागतं आणि पिल्लाची पाठ कोंडते. मागं सरायला वाट नसलेलं पिल्लू लवकर अंगावर येतं. तळ जड असलेलं, न सरकणारं भांडं घ्या आणि दोन बाजूंनी मोकळी जागा ठेवा. कोंबड्या, मांजर, वासरू, गल्लीतली कुत्री त्या वेळेपुरती लांब ठेवा.

निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मवाळ होतात.

शिकवायचं कसं

भांड्यात साधं खाणं आणि हातात त्याहून चांगलं, ही अट. भांड्यात दूध-भाकर असेल तर हातात उकडलेल्या अंड्याचे किंवा नुसत्या उकडलेल्या काळजाचे हरभऱ्याएवढे तुकडे. एका अंड्यात दिवसभराचं काम होतं. मीठ-मसाला नको.

आधी पिल्लू न गुरगुरता खातंय असं अंतर शोधा. जिथून जाताना जबडा थांबत नाही, ते तुमचं अंतर. कुणाचं पाच फूट निघेल, कुणाचं पंधरा. तेवढ्या लांबून सरळ चालत जा, जाता जाता तुकडा भांड्याजवळ टाका, आणि थांबू नका. थांबणं, वाकणं, टक लावून बघणं पिल्लाला धमकी वाटते. एका जेवणात अशा चार-पाच फेऱ्या पुरे. जास्त केलं तर ते वैतागतं, मग खाणं आणि तुमचं येणं दोन्ही त्याला नकोसं होतं.

अंतर कमी कधी करायचं? तुमची पावलं वाजताच पिल्लू मान वर करून, अंग सैल ठेवून तुमच्या हाताकडं बघायला लागलं की. तोपर्यंत नाही. मग एक-एक फूट आत सरका. घाई झाली की पिल्लू सांगतंच, जबडा थांबतो. जबडा थांबला की तुम्हीही तिथून पुढं जाऊ नका, पुढची फेरी लांबून घ्या. गुरगुरलं तर ओरडायचं नाही, तुकडाही टाकायचा नाही, शांतपणे मागं यायचं आणि आपण फार जवळ गेलो एवढं लक्षात ठेवायचं.

अगदी भांड्याशेजारून जाता यायला लागलं की क्षणभर थांबून तुकडा भांड्यात टाका. मग वाकून टाका. मग एका हातानं भांड्याच्या काठाला बोट लावा आणि दुसऱ्या हातानं तुकडा टाका. शेवटी भांडं दोन बोटं वर उचला, त्यात तुकडे घाला आणि लगेच परत ठेवा. हे शेवटचं रोज करायचं काम नाही. आठवड्यातून एखाददा पुरे. बाकी वेळ पिल्लाला सुखानं खाऊ द्या.

ज्यांचं पिल्लू अजून गुरगुरत नाही, त्यांनी हेच सगळं आताच करून ठेवावं. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लाचं मन जगाबद्दल मतं बनवत असतं, त्या काळात हे पटकन रुजतं. अशा पिल्लाला दिवसातलं एखादं जेवण हातानंच भरवा. ओंजळीत भाकर-अंडं कुस्करून घ्या, खाली बसा, खाऊ द्या. गुरगुरणाऱ्या पिल्लाला मात्र हातावर भरवायला सुरुवातीलाच जाऊ नका, बोटं त्याच्या दातांच्या हद्दीत नको.

'सोड' शिकवताना उलटं करतात लोक. तोंडातली वस्तू ओढायची आणि "सोड सोड" ओरडायचं. पिल्लाला ती ओढाओढ म्हणजे खेळ तरी वाटतो नाहीतर दरोडा. सुरुवात अशा वस्तूनं करा जिचं त्याला फार अप्रूप नाही. दोरीचा तुकडा, जुना पायमोजा. तोंडात धरली की नाकासमोर अंड्याचा तुकडा न्या. तोंड उघडलं, वस्तू पडली, तेव्हा "सोड" म्हणा आणि तुकडा द्या. मग ती वस्तू त्यालाच परत द्या. परत देणं विसरायचं नाही. सोडलं तर खाऊही मिळतो आणि वस्तूही येते, हे कळलेलं कुत्रं वस्तू घेऊन पलंगाखाली पळत नाही. काही दिवसांनी शब्द आधी, तुकडा नंतर. मग हळूहळू महागाची वस्तू.

आणि घातक काही तोंडात असेल, ब्लेड, औषधाची पट्टी, विषाची पुडी, तर शिकवायची ती वेळ नाही. पाठलाग केला तर ते गिळून टाकेल. खाण्याची मूठ त्याच्यापासून दोन-तीन पावलं लांब जमिनीवर विखरून टाका. ते वेचायला गेलं की वस्तू उचला. विष पोटात गेल्याची शंका असेल तर ताबडतोब डॉक्टर.

पुन्हा सुरू झालं तर कुठं बघायचं

पहिला संशय माणसावर घ्या. शिकवणी घरातल्या एकट्यानं केली असेल तर पिल्लाला तो एकटाच पटलेला असतो. नवा सालगडी आला, पुण्याला शिकणारा पोरगा सुट्टीत घरी आला, की त्यांच्यासाठी पाटी कोरी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं लांबच्या फेरीपासून सुरुवात करायची. दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला वेळ कमी लागतो, पण पायऱ्या गाळायच्या नाहीत. आणि घरात एक जण अजून चोरून भांडं ओढून बघतोय का, हेही हळूच तपासा. बहुधा सापडतो. बहुधा तो वयानं मोठा असतो आणि त्याला सांगणं अवघड असतं. अशा वेळी त्याच्याच हातात काळजाची वाटी द्या. वडीलधाऱ्यांना रोखण्यापेक्षा कामाला लावलेलं बरं.

मग पदार्थ. भाकरीवर गरीब असलेलं पिल्लू नळीवर वाघ होतं. कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या जेवणाच्या, दुसऱ्या दिवशी हे फार बघायला मिळतं. गल्लीभर हाडं पडलेली, पिल्लू एक घेऊन बाजेखाली शिरलेलं आणि बाजेवर बसायची कुणाची छाती होत नाही. शिजलेलं हाड मुळात देऊच नये. शिजवल्यानं ते ठिसूळ होतं, फुटून टोकदार चिरफळ्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. रश्श्यातला कांदा-लसूण लागलेला असतो तो वेगळाच. हाडच दिलं नाही तर राखायचा प्रश्न येत नाही. बाजेखाली गेलंच असेल तर हात घालू नका, लांब अंड्याचे तुकडे पसरा, ते बाहेर येईल. त्याला खोलीबाहेर नेऊन दार लावा आणि मग हाड काढा. चघळायला काही द्यायचंच असेल तर त्या वस्तूवर येता-जाता तुकडा टाकायची शिकवणी वेगळी करावी लागते, भाकरीवरची तिथं चालत नाही.

जागा बदलली तरी तसंच. घरच्या ओसरीवर शांत खाणारं पिल्लू सोयाबीनच्या काढणीला आखाड्यावर नेलं की बिघडतं. तिथं अनोळखी मजूर, शेजारच्या शेतातली कुत्री, जेवायची वेळ ठरलेली नाही. नव्या जागी पहिले काही दिवस पुन्हा लांबच्या फेऱ्या.

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा, दिवस वेगळा सांगायला हवा. लातूर, धाराशिवकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं, पंगती भुईवर बसतात, भज्जी-आंबिलीची मडकी जमिनीवर आणि लेकरांच्या हातात उंडे. पिल्लाच्या तोंडाच्या उंचीला लेकराचं तोंड आणि दोघांच्या मध्ये खाणं, यापेक्षा वाईट मांडणी नाही. पंगत बसायच्या आधी पिल्लाला पोटभर खाऊ घाला आणि पंगत उठेपर्यंत लांब, सावलीला, पाणी ठेवून बांधा. त्याच्याजवळ लेकरांना जाऊ देऊ नका. "आमचं काही करत नाही" असं म्हणणारे पाहुणे त्या दिवशी फार असतात.

लेकरांचा नियम एरवीही तोच. शिकवणीच्या फेऱ्या मोठ्यांनीच करायच्या. लहान मुलं वाकतात, पटकन हात घालतात आणि चावा हाताऐवजी चेहऱ्यावर बसतो. पिल्लू खातंय तेव्हा लेकरू त्या बाजूला नको, एवढा साधा नियम घरात पाळला गेला पाहिजे.

वयानंही गोष्टी बदलतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येतात. हिरड्या दुखतात, चघळायची वस्तू जास्त प्यारी होते. पुढं वयात येताना पिल्लू पुन्हा एकदा सगळ्यांना तपासून बघतं. या दोन्ही काळात गुरगुर परत आली म्हणून आधीची मेहनत वाया गेली असं नाही. चार पावलं मागं जाऊन तेच करा, या वेळी लवकर होतं.

आणि एक फार साधं कारण: तुकडे बंद झालेले असतात. पिल्लू सुधारलं, अंडं महाग झालं, कुणी टाकेना. मग एखाद दिवशी घाईत कुणी भांडं उचलतं, आणखी एखाद दिवशी कुणी ओढतं, आणि हिशेब हळूहळू जुन्या जागी जातो. रोज नको, पण आठवड्यातून दोन-चारदा जाता-येता तुकडा पडत राहिला पाहिजे, कुत्रं म्हातारं होईपर्यंत. घरात दोन कुत्री असतील तर एकाला दुसऱ्याची भीती वाटते आणि राग माणसावर निघतो. त्यांना एकमेकांना दिसणार नाही असं वेगळं खायला घाला, भांडी रिकामी झाली की उचलून ठेवा.

काहीच बदललं नाही आणि तरी एकाएकी सुरू झालं, तर दुखणं धरून चाला. दात, कान, पोट, गोचिडाचा ताप. दुखणाऱ्या कुत्र्याला कुणी जवळ आलेलं नको असतं. त्यातही वागणं एकदम बदललं, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बसलाय, अडखळत चालतंय, असं काही दिसलं तर घशात काय अडकलंय ते बघायला तोंडात हात घालू नका. ती रेबीजची लक्षणं असू शकतात. पिल्लू बंद खोलीत ठेवा, डॉक्टरांना फोन करा.

कातडी फोडणारा चावा एकदाही बसला असेल, घरात रांगतं मूल असेल, किंवा फेऱ्या नीट करूनही तीन-चार आठवड्यांत अंतर कमी होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांची गर्दी असते, कुत्र्याच्या वागण्यावर बोलायला तिथं वेळ मिळेलच असं नाही. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांचे दवाखाने आहेत. जाताना पिल्लाचा खातानाचा व्हिडिओ घेऊन जा. तो लांबून काढलेला असावा, त्यासाठी पिल्लाला मुद्दाम डिवचू नका. कोणत्या पदार्थावर, कुणावर आणि किती पावलांवरून गुरगुरतं, हे कागदावर लिहून न्या. दवाखान्यात गेल्यावर पिल्लू टेबलावर गोगलगाय होऊन बसतं, आणि डॉक्टरांना दाखवायला तेवढाच पुरावा तुमच्याजवळ असतो.